बाबा गेल्यापासून ९१ वं स्तोत्र उघडवत नाही, मग कोणतं वाचू?

खडकीची_लेक

जय ख्रिस्त सगळ्यांना. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीच्या आसपास माझे बाबा गेले. आधी साधा ताप म्हणून ॲडमिट केलं, मग आयसीयू, मग व्हेंटिलेटर. आम्ही तिघं, म्हणजे आई, धाकटा भाऊ आणि मी, बाहेर खुर्च्यांवर बसून रोज बायबलमधलं ९१ वं स्तोत्र वाचायचो. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण सगळे तेच पाठवत होते, ते हजार पडतील, दहा हजार पडतील, पण तुझ्याजवळ काही येणार नाही ते. भाऊ तर काचेला हात लावून म्हणायचा. आम्ही अगदी मनापासून धरून ठेवलं होतं ते वचन. आणि बाबा गेले.

आता ते पानच उघडवत नाही. चुकून उघडलं तर पोटात गोळा येतो. घरी भेटायला येणारे म्हणतात रडू नकोस, ते प्रभूजवळ आहेत, तुझा विश्वास कुठे गेला. विश्वास आहे हो, पुनरुत्थान आहे हे मलाही माहितीये, शब्बाथशाळेत मीच पोरांना शिकवते ते, पण रात्री दोन-अडीचला जाग येते आणि छातीत नुसती धडधड, आईला साधा ठसका लागला तरी मी उठून तिचा श्वास बघते, आता आईचं काही झालं तर, भावाचं काही झालं तर, हेच डोक्यात. देवाचा रागही येतो आणि राग आला म्हणून परत भीती वाटते की हे पाप तर नाही ना.

मला कुणी सांगेल का की अशा वेळी स्तोत्रसंहितेतलं काय वाचावं? आणि ९१ चं मी काय करू? प्लीज, ‘सगळं चांगल्यासाठी होतं’ असं नका लिहू, ते खूप ऐकून झालंय.

---

वडगावशेरीची_काकू

बाळा, आधी हे सांग जेवतेस का नीट? झोपेचं पुढे बघू.

रडायचं तर रड. येशू त्याचा मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी रडला, आणि त्याला तर माहीत होतं की दोन मिनिटांत लाजर उठून बाहेर येणारे, तरी रडला. मग आपल्याला कोण अडवणार. जे लोक रडू नको म्हणतात ना त्यांना तुझं रडणं बघवत नाही म्हणून म्हणतात, त्यांना माफ कर आणि चहा देऊन वाटेला लाव.

मी मोठी शिकलेली नाही पण आमचे हे गेले तेव्हा मला पुस्तक हातात धरवायचं नाही, अक्षरं पुसट दिसायची. तेव्हा लहानपणी पाठ केलेलं २३ वंच कामाला आलं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. भांडी घासताना, बसची वाट बघताना. अर्थाकडे लक्ष नसायचं खरं सांगते, नुसतं तोंड चालायचं. त्यात सुरुवातीला ते स्तोत्र म्हणणारा दावीद राजा देवाबद्दल बोलतो, तो मला हिरव्या कुरणात नेतो, तो मला पाण्याजवळ नेतो, आणि मरणाच्या सावलीची दरी आली की एकदम बोलणं बदलतं, तू माझ्याबरोबर आहेस. दरीत उतरल्यावरच तो देवाशी समोरासमोर बोलायला लागतो. हे आमच्या पाळकबाईंनी महिला मंडळात दाखवलं होतं, तेव्हापासून त्या ओळीवर मी थांबतेच.

आईला ६८ मधलं पाचवं वचन वाचून दाखव, पितृहीनांचा पिता आणि विधवांचा कैवारी. तुम्हा दोघींसाठी एकाच ओळीत आहे.

---

नारायणपेठी

८८ वाच. अठरा वचनं आहेत. शेवटपर्यंत कुठेही उजेड नाही, अंधारावरच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. राग येणं पाप असतं तर ते स्तोत्र तिथे नसतं. एवढंच.

---

वडगावशेरीची_काकू

अहो नारायणपेठी, पोरगी आधीच रात्रीची दचकून उठतेय आणि तुम्ही तिला ८८ देताय? ते काय रात्री अडीचला एकटीने वाचायचं स्तोत्र आहे का.

---

नारायणपेठी

मग दुपारी वाचावं.

---

सेमिनरीतला_दादा

ताई, मी बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकतोय, शेवटचं वर्ष, पाळक अजून झालो नाही त्यामुळे मी सांगतोय ते प्रवचन समजू नकोस. नारायणपेठींचं बोलणं रोखठोक आहे पण मुद्दा बरोबर आहे, आणि काकूंचं पण, दोन्ही धरून लिहितो.

स्तोत्रं १५० आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत, म्हणजे तक्रार, आक्रोश, देवा कुठे आहेस अशी. आपण चर्चमध्ये गातो ती मात्र बहुतेक स्तुतीची, १००, १०३, १५० वगैरे. त्यामुळे ज्याच्या घरी मयत झालीय त्याला वाटतं की आपलीच प्रार्थना बिघडलीय. बिघडलेली नाही. १३ वं काढ, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत चार वेळा ‘कुठवर’ म्हणतो तो. कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार. हे देवाला तोंडावर विचारलंय, पाठीमागे कुणाकडे कुरकुर नाही केलेली. विलापाची स्तोत्रं बहुतेक अशीच चालतात, हाक, मग तक्रार, मग मागणं, आणि मग कुठेतरी भरवशाचं एखादं वाक्य. पण ते भरवशाचं वाक्य कधी येईल हे ठरलेलं नसतं आणि ८८ मध्ये तर ते येतच नाही, तिथे नुसती हाक आहे, पण ती हाक रात्रंदिवस चालू आहे आणि पहिल्याच वचनात तो देवाला माझ्या तारणाऱ्या म्हणतो. म्हणजे नातं तुटलेलं नाही. तुझंही तुटलेलं नाहीये ताई, तुटलं असतं तर राग कुणावर आला असता?

आता ९१. हे थोडं लांब आहे. एक तर मत्तय आणि लूक या शुभवर्तमानांतला चौथा अध्याय काढून बघ, सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन म्हणतो उडी मार, तो आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, तुझ्या पायाला धोंड्याची ठेच लागू देणार नाही. हे ९१ मधलंच आहे, अकरा आणि बारा. तुम्ही आयसीयूबाहेर जे वाचत होता ते सैतानाने वाचलं तसं नव्हतं हे आधीच सांगतो, गैरसमज नको. तुम्ही जिवाच्या आकांताने मागत होता, तो देवाची परीक्षा घ्यायला लावत होता. पण येशूने ते वचन मला काहीच होणार नाही अशी हमी म्हणून वापरायला नकार दिला, आणि पुढे तो वधस्तंभावर गेलाच. म्हणजे ज्याच्यावर बापाचं सगळ्यात जास्त प्रेम होतं त्याच्याही बाबतीत ९१ चा अर्थ मरण येणार नाही असा झाला नाही. मग बाबांना मरण आलं म्हणून वचन खोटं ठरलं किंवा तुमचा विश्वास कमी पडला, हा हिशोब मुळातच चालत नाही. पंधरावं वचन बघ कधी जमेल तेव्हा, संकटात मी त्याच्याजवळ राहीन असं आहे. संकट येणार हे ९१ मध्येच धरलेलं आहे.

आत्ता नको वाचूस पण. घाई नाही.

---

खडकीची_लेक

काकू, जेवते थोडंफार. आईच उलट मला भरवते.

दादा, तू लिहिलंस ते भावाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही पण उठून गेलाही नाही. हल्ली प्रार्थनेचा विषय निघाला की उठून जातो. त्याला वाटतं आम्ही नीट धरून ठेवलं नाही म्हणून झालं. ग्रुपवर एकाने तसं लिहिलं पण होतं, की कुठेतरी अविश्वास असला की आशीर्वाद अडतो. नंतर डिलीट केलं, पण त्याने वाचलं होतं.

---

रास्तापेठ_क्वार्टरगेट

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे जरा वेगळ्या वाटेने हेच येतं म्हणून लिहितो. आमचे फादर आणि सिस्टर्स रोज ठरलेल्या वेळी स्तोत्रं म्हणतात, सामान्य माणसंही म्हणू शकतात, मी झोपायच्या आधीची तेवढी म्हणतो मोबाईलवर. त्या रात्रीच्या प्रार्थनेत रविवारी ९१ असतं आणि शुक्रवारी ८८. दर आठवड्याला दोन्ही! ज्यांनी हे बसवलं त्यांना माहीत असणार की माणसाला दोन्ही लागतात, आणि मुख्य म्हणजे आज मला काय वाटतंय यावर ते ठरत नाही. शुक्रवारी मी मजेत असलो तरी ८८ म्हणावंच लागतं, मग मी ते ज्याच्या घरी दुःख आहे अशा कुणाच्या तरी वतीने म्हणतो. या शुक्रवारी तुमच्या घरासाठी म्हणेन, बाबांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली खास प्रार्थना, तीही सांगतो, चालत नसेल तर स्पष्ट सांगा, राग नाही.

बुधवारी १३० असतं. खोल जागेतून तुझा धावा करतो. आमच्याकडे मयताच्या वेळी हे पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. आठच वचनं. पहाटेची वाट बघणाऱ्या पहारेकऱ्यापेक्षा माझा जीव जास्त वाट बघतो असं त्यात दोनदा आलंय, आणि रात्री अडीचला जागं असणाऱ्याला पहारेकरी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

अजून एक. संत ऑगस्टिनची आई मोनिका वारली तेव्हा तिचा नातू मोठ्याने रडायला लागला तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं, आणि ऑगस्टिनने स्वतःचंही रडू दाबून ठेवलं. पुढे पुरून आल्यावर, एकट्यात, त्याचा बांध फुटला. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे विश्वासवाल्याने रडू नये हे सोळाशे वर्षांपूर्वीही लोक म्हणत होतेच. तोच ऑगस्टिन ४३० साली मरायला टेकला तेव्हा त्याने पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून घेऊन पलंगासमोर भिंतीवर लावली होती आणि पडल्या पडल्या वाचत रडत होता.

---

देहूरोडचा_वाचक

मी ख्रिश्चन नाही, धागा दिसला म्हणून वाचत बसलो. चालणार नसेल तर काढून टाका. पण हे तुम्ही जे सांगताय, देवाला तोंडावर विचारणं, ते आमच्या तुकोबांनी आयुष्यभर केलं. दुष्काळात बायको गेली, मूल गेलं, आणि माणूस विठ्ठलाशी सरळ भांडतो, नको नको ते बोलतो. कुणी त्यांना अविश्वासू म्हणत नाही. ताईंना एवढंच की भांडण जवळच्याशीच होतं.

---

सेमिनरीतला_दादा

चालणार नाही कसं, उलट बरं झालं लिहिलंत. रेव्हरंड ना. वा. टिळक स्वतः म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मराठी ख्रिस्ती माणसाला विलाप समजायला लांब जायची गरज नाही.

---

केडगाव_लाईन

मी दौंड लोकलने रोज जाऊन येऊन करते, केडगाव स्टेशन आलं की पंडिता रमाबाई आठवतातच, त्यांचं मुक्ती मिशन तिथलंच. त्यांचं बघा ना. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२ मध्ये नवरा कॉलराने गेला, पदरात मनोरमा लहान. आणि १९२१ मध्ये ती एकुलती एक मनोरमाही गेली. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या, बायाबापड्यांना कळेल असं. ते काम सोडलं नाही, एप्रिल १९२२ मध्ये गेल्या तोवर पुरं केलं, आणि १९२४ ला ते छापून आलं. त्यांना कसं वाटत असेल हे आपण कोण सांगणार, पण ज्या बाईने घरातलं एकेक माणूस पोचवलं तिच्या हाताखालून ही सगळी स्तोत्रं गेली होती, ८८ सुद्धा, एवढं मला पुरतं.

आणि तो आशीर्वाद अडतो वाला मेसेज. असल्या माणसाला ग्रुपमधून काढा म्हणणार होते पण असो. भावाला ईयोबाचे मित्र दाखव, बायबलमधला तो ईयोब, ज्याची पोरंबाळं, सगळं गेलं, त्याला भेटायला आलेले. सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते, तोंड उघडलं तिथून बिघडले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, ईयोबावर नाही.

---

नर्सताई_ससूनजवळ

मी वीसेक वर्षं नर्सिंगमध्ये आहे, बरीच वर्षं आयसीयूत. ताई, एक बाजूची गोष्ट. रात्री जाग येऊन धडधडणं, आईचा श्वास तपासणं, हे आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांमध्ये मी खूप बघितलंय, मॉनिटरचा आवाज कानातून जात नाही महिनोन्‌महिने. हे विश्वास कमी असण्याचं लक्षण नाही, शरीर अजून पहाऱ्यावर आहे. ३८ व्या स्तोत्रात दावीदाचंही काळीज धडधडतं आणि ५५ मध्ये तो म्हणतो मला भीतीने कापरं भरलंय, कबुतरासारखे पंख असते तर उडून गेलो असतो. म्हणजे बायबलमध्ये हे शरीरासकट आहे.

पण स्तोत्र वाचा आणि डॉक्टरलाही भेटा. दोन्ही. झोप अशीच उडत राहिली, जेवण जात नसेल, किंवा जगावंसं वाटत नाही असा विचार आला, तर वाट बघू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीही. तुमच्या पाळकांना सांगून बघा, काही चर्चमध्ये समुपदेशकही असतात. यात लाज नाही.

जाग आली की मी काय करते ते सांगते, चालत असेल तर करा. मोबाईल घ्यायचा नाही. दिवा छोटा लावायचा, पाय जमिनीला टेकवायचे, आणि ५६ मधलं तिसरं वचन श्वासावर म्हणायचं. श्वास घेताना ‘मला भीती वाटेल तेव्हा’, सोडताना ‘मी तुझ्यावर भरवसा ठेवीन’. भीती वाटणारच नाही असं त्यात नाहीये, वाटेल तेव्हा असं आहे. सोडताना सावकाश. जमलं तर मग चौथ्या स्तोत्रातलं शेवटचं वचन, मी स्वस्थपणे पडून लगेच झोपी जाईन. रोज झोप येतेच असं नाही, पण धडधड उतरते.

---

नारायणपेठी

नर्सताईंचं छापून घ्यावं.

भावासाठी : २२. येशूने वधस्तंभावर तेच म्हटलं, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. दर शुभ शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांच्या उपासनेत आपण तीन तास बसतो, हा त्यातला चौथा, चौथ्या उद्गाराला घड्याळ बघतो. तो पोरगा ज्या जागेवर आहे तिथे प्रभू आधी उभा राहिलेला आहे. सातवा उद्गारही स्तोत्रातलाच, ३१. हे त्याला सांगू नका, नुसतं पान उघडून ठेवा. पोरं सांगितलेलं वाचत नाहीत.

---

खडकीची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, रास्ता पेठवाले दादा तुम्ही नक्की म्हणा, आईला सांगितलं तर तिला फार बरं वाटलं, ती म्हणाली कुणीही म्हणू दे, देव एकच आहे.

१३ वं वाचलं. मोठ्याने वाचलं, गच्चीत जाऊन. चौथ्या ‘कुठवर’ला आवाज चढला, खालच्या मजल्यावरचे काका वर बघायला आले की काय झालं 🙂 पाचव्या सहाव्या वचनापर्यंत मी नाही गेले, तिथे तो गायला लागतो ना, ते मला अजून जमणार नाही. तिथेच बंद केलं. चालेल ना असं अर्धं सोडलेलं?

नर्सताई, मी फॅमिली डॉक्टरांची वेळ घेतलीय. श्वासाचं काल केलं, परवापेक्षा बरं होतं, पण आईला उठून बघितलंच.

अजून एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात बाबांचा वाढदिवस आहे आणि आई म्हणते घरी छोटी प्रार्थना ठेवू, आमचीच मंडळी आणि शेजारी. पाळक म्हणाले कोणतं स्तोत्र वाचायचं तुम्हीच सांगा. आईला ९१ नको, तिने स्वतःच सांगितलं. मी सुचवायला घेतलं तर मला काहीच सुचेना.

---

सेमिनरीतला_दादा

अर्धं सोडलेलं चालेल. ती शेवटची दोन वचनं तुझ्यासाठी सध्या चर्चची मंडळी म्हणेल.

प्रार्थनेला मी २७ सुचवेन. परमेश्वर माझा प्रकाश आणि माझे तारण अशी सुरुवात आहे म्हणून लोकांना ते फक्त धैर्याचं वाटतं, पण सातव्या वचनापासून आवाज बदलतो, तुझं मुख लपवू नकोस, मला टाकू नकोस, आणि दहावं वचन तर आईबापांनी मला सोडलं तरी परमेश्वर मला जवळ करील. बाबांनी काही मुद्दाम सोडलं नाही, पण रिकामं तर झालंच आहे ना घर. शेजारी हिंदू असतील तरी त्यांना पटकन समजेल असं आहे. चौदाच वचनं आहेत. तू सुरुवात वाच, मधलं आईला जमलं तर आईने, आणि शेवटचं परमेश्वराची वाट पाहा ते भावाला विचारून बघ. नाही म्हणाला तर पाळक वाचतील.

---

वडगावशेरीची_काकू

आणि येणाऱ्यांना आधीच सांगून ठेव की साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, कुणी उठायचं नाही, अर्ध्या तासात प्रार्थना संपली पाहिजे. नाहीतर तो आशीर्वाद अडतो वाला उभा राहील. खायला काय करताय? एवढ्या लोकांचं तू एकटीने करू नकोस, मी येते हवं तर, खडकीला मला एकच बस लागते. पर्सनल मेसेज कर.